सव्वीस फुटी विहीर आणि बेसेल फल: प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, सातारा

आजपासून नोंदी ठेवतो आहे. काम एका ओळीत सांगता येतं: माण तालुक्यातल्या एका विहिरीवर उपसा चाचणी घ्यायची, मोजलेल्या पातळ्यांवरून आसपासच्या खडकातून पाणी किती सहज वाहतं ते काढायचं, आणि रोज किती तास मोटर चालवली तर विहीर मार्चअखेरपर्यंत टिकेल याचा हिशेब मालकांच्या हातात द्यायचा. मालक म्हणजे आबा, आईच्या माहेरकडचे. सातारा–पंढरपूर रस्त्यापासून आत, दहिवडीच्या अलीकडे त्यांचं रान आहे. याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि याच जिल्ह्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगणारा माणही आहे. म्हणून इथल्या विहिरीचा हिशेब सेंटिमीटरात करावा लागतो.

भूजलाचा अभ्यास केलेला मित्र सोबत आहे, मोजमाप त्याच्याकडे. संगणकाचं काम माझ्याकडे. पायथन भाषा, तिची गणिताची लायब्ररी सायपाय आणि पडताळणीला हवे तितके अंक धरणारी एमपीमॅथ, एवढं पुरेल असं वाटतं.

सुरुवात थाईसच्या सूत्रापासून. सी. व्ही. थाईस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने १९३५ मध्ये ते मांडलं. तापलेल्या पत्र्यात उष्णता पसरते त्याचंच समीकरण जमिनीतल्या पाण्याला लागू पडतं हे त्याने ओळखलं, आणि गणिताची बाजू सी. आय. ल्युबिन या गणितज्ञ मित्राने सोडवून दिली. सूत्र असं: पातळीतली घट = उपसा ÷ (४ × पाय × टी) × डब्ल्यू(यू). टी म्हणजे खडकाची वहनक्षमता. साठवण गुणांक म्हणजे पातळी एक मीटर उतरली की दर चौरस मीटरमागे खडक किती पाणी सोडतो ते. यू म्हणजे अंतराचा वर्ग × साठवण गुणांक ÷ (४ × टी × वेळ). डब्ल्यूला भूजलवाले ‘वेल फंक्शन’ म्हणतात. गणितातलं त्याचं मूळ नाव एक्स्पोनेन्शियल इंटिग्रल, खुणेने ई-वन. ई चा उणे एक्सवा घात भागिले एक्स, याचं यू पासून अनंतापर्यंतचं संकलन. साध्या बेरीज-गुणाकारात, लॉग-साइनमध्ये ते बसत नाही, म्हणून ते ‘विशेष फल’.

११ जानेवारी

मित्राच्या जुन्या वहीत डब्ल्यूची मालिका लिहिलेली आहे: उणे ०.५७७२, उणे यूचा लॉग, अधिक यू, उणे यूचा वर्ग भागिले (२ × २!), अधिक यूचा घन भागिले (३ × ३!), असं पुढे. त्याचं म्हणणं, “दहा ओळींचा लूप लिहिला की झालं. लायब्ररी कशाला?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. यू ०.०१ असताना मालिका ४.०३७९ देते, सायपायमधलं ई-वन, म्हणजे ‘एक्स्प-वन’, तेही तेच. यू १ ला दोघांचं ०.२१९४. इथपर्यंत लूप उत्तम आहे.

यू २० ला चित्र बदलतं. खरं उत्तर ९.८३५५ गुणिले १० चा उणे ११ वा घात, म्हणजे दशांशचिन्हानंतर दहा शून्यं आणि मग आकडे. मालिकेतलं सर्वांत मोठं पद मात्र पावणेतेवीस लाखांच्या घरात जातं. अधिक-उणे चिन्हांची ही प्रचंड पदं एकमेकांना खात खात शेवटी त्या इवल्या उत्तरावर यायला हवीत. संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत सोळाच्या आसपास अंक मावतात. लाखांच्या संख्येत ते सोळा अंक दशांशानंतर नऊ-दहा घरांपर्यंतच पोचतात, उत्तर त्याच्याही पलीकडे आहे. म्हणजे लूपमधून जे बाहेर येतं तो नुसता गाळ.

मित्र म्हणाला, “यू वीस म्हणजे घट शून्यच की. चुकलं तर चुकलं.” मग आमचेच आकडे घातले. आबांच्या विहिरीपासून १२० मीटरवर भावकीतल्या एकाचं बोअर आहे. टी अंदाजे २० चौरस मीटर प्रतिदिन, साठवण गुणांक ०.०१, पहिला एक तास. यू येतो ४३.२. इथे सर्वांत मोठं पद ८ गुणिले १० चा १५ वा घात एवढं होतं. एवढ्या मोठ्या संख्यांच्या पट्ट्यात दुहेरी अचूकतेला दोन लगतच्या पूर्णांकांमधलं काही साठवताच येत नाही. म्हणजे डब्ल्यूमध्ये एक-दोनची चूक सहज शिल्लक राहते, आणि त्याला बाहेरच्या पावणेतीन मीटरनं गुणलं की १२० मीटरवरच्या बोअरमध्ये पहिल्याच तासात कित्येक मीटर घट दिसू लागते. किंवा वाढ, चिन्ह कुठे पडेल त्यावर. हा आकडा कुणी गावात दाखवला तर भावकीत भांडण लागेल.

सायपायच्या आत काय आहे ते उघडून बघितलं. १ पर्यंत तीच मालिका. १ च्या वर दुसरीच वाट: अपूर्णांकाच्या छेदात अपूर्णांक, त्याच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, अशी लांबत जाणारी मांडणी. तिच्यात सगळी पदं धन, त्यामुळे खाडाखोड नाही. एकाच फलाच्या दोन टोकांना दोन वेगळी गणितं, आणि सांधा कुठे ठेवायचा हे आधी कुणीतरी नीट विचार करून ठरवलेलं. लायब्ररी घ्यायची ती या सांध्यासाठी.

१२ जानेवारी

नावांची नोंद, पुढे उपयोगी पडेल म्हणून.

सायपायमध्ये ई-वन हवं तर ‘एक्स्प-वन’. ‘एक्स्प-आय’ हे वेगळं फल आहे, गणितात त्याला ई-आय म्हणतात. दोघांचं नातं असं: ई-वन(एक्स) = उणे ई-आय(उणे एक्स). मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह या गणिती भाषांमध्ये ‘एक्स्प-इंट’ म्हणजे ई-वन. सी-प्लस-प्लसच्या २०१७ च्या मानकात त्याच नावाचं ‘एक्स्प-इंट’ आहे, आणि ते देतं ई-आय. जीएसएल या सी भाषेतल्या लायब्ररीत दोन्ही वेगवेगळ्या स्पष्ट नावांनी आहेत, ते मला आवडलं. मित्राच्या जुन्या फाइली ऑक्टेव्हमधल्या आहेत, त्यामुळे त्यातला ‘एक्स्प-इंट’ हा शब्द जसाच्या तसा दुसऱ्या भाषेत उचलायचा नाही.

बेसेल फलं, म्हणजे विहिरीसारख्या गोल आकारांच्या गणितात येणारी विशेष फलं, त्यांचंही तसंच. सायपायच्या सर्वसाधारण ‘के-व्ही’ला आधी कोटी, म्हणजे फलाचा झीरो, वन असा क्रमांक द्यायचा आणि मग एक्स. एक्सेलच्या ‘बेसेल-के’ला आधी एक्स आणि मग कोटी. के-झीरो(१) ०.४२१० आणि के-वन(१) ०.६०१९, हे दोन आकडे टेबलाशेजारी चिकटवून ठेवले आहेत.

१९ जानेवारी, माण

उपसा चाचणी झाली. सकाळी नऊला मोटर चालू, दुपारी एकला बंद. आदल्या दिवशी आबांनी विहीर मुद्दाम उपसली नव्हती, म्हणून सुरुवातीची पातळी स्थिर मिळाली.

विहीर सव्वीस फुटी, म्हणजे व्यास ८ मीटर धरायला हरकत नाही. वरचे काही मीटर मुरूम, मग फुटका काळा पाषाण, खाली अखंड. पाणी त्या फुटक्या थरातून येतं, पूर्वेच्या अंगाला झरे स्पष्ट दिसतात. आत चार मीटर पाणी होतं. पाचची मोटर. पाइपाखाली दोनशे लिटरचं बॅरल धरून वेळ घेतली: २५ सेकंदांत भरतं. म्हणजे सेकंदाला ८ लिटर, तासाला २८.८ घनमीटर, दिवसाच्या मापात ६९१.

वजन लावलेली टेप पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. विहिरीत सेन्सरही सोडला होता, पण टेप हाताशी असलेली बरी. तासाभरात पाणी ५४ सेंटिमीटर उतरलं, चार तासांनी १ मीटर ९७. मोटर बंद केल्यावर भरतीचं मोजमाप रात्री उशिरापर्यंत चाललं, आणि सकाळी सातला शेवटचं घेतलं: मूळ पातळीपेक्षा अजून ८६ सेंटिमीटर खाली.

आबा काठावर बसून बघत होते. म्हणाले, “रात्रीतनं निम्मीच भरती बघा ती, पुरी न्हाय. म्हणून तर दिवसाआड मोटर लावतो.” आम्ही अजून एकही आकडा संगणकात घातला नव्हता.

२५ जानेवारी

थाईसचं सूत्र या विहिरीला लावून बघितलं. टी २०, साठवण गुणांक ०.०१, त्रिज्या ४ मीटर, वेळ १ तास. यू ०.०४८, डब्ल्यू २.५०७, घट ६.९ मीटर.

सहा मीटर नव्वद! विहिरीत पाणीच चार मीटर होतं. त्याहून सोपी तपासणी म्हणजे विहिरीचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस मीटर आणि तासाचा उपसा २८.८ घनमीटर. खडकातून एक थेंबही आला नाही असं धरलं तरी पाणी ५७ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरूच शकत नाही. टेपने ५४ दाखवले. म्हणजे पहिल्या तासात मोटरने जवळजवळ सगळं पाणी विहिरीतलंच उचललं, खडकाने तीन सेंटिमीटर भरून काढले.

ई-वन अगदी बरोबर काढलं होतं, शेवटच्या अंकापर्यंत. पण ते या विहिरीचं फल नाही. थाईसची विहीर म्हणजे जाडी नसलेली रेषा, तिच्या पोटात पाणी साठत नाही. अमेरिकेतल्या सहा-आठ इंची नळकूपांना ते चालतं. आमच्याकडची विहीर हे स्वतःच एक तळं आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे आणि जुनी शेती अशाच मोठ्या विहिरींवर उभी राहिली, त्यामुळे हा भेद इथे बारीक नाही, हाच मुख्य मुद्दा आहे.

मोठ्या व्यासाच्या विहिरीचं उत्तर पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिलं. विहिरीतल्या साठ्याचा परिणाम कधी ओसरतो याची त्यांची मर्यादा अशी: त्रिज्येच्या वर्गाची २५० पट भागिले टी. सहा इंची बोअरला ती पावणेदोन तासांच्या आत येते. आबांच्या विहिरीला २०० दिवस. दिवाळीनंतर रोज अखंड उपसा सुरू केला तरी पावसाळ्यापर्यंत ही विहीर थाईसच्या सूत्रात बसणार नाही.

ई-वन बाजूला ठेवलं नाही, भावकीतल्या बोअरसाठी लागेल. विहिरीसाठी आता बेसेल.

२ फेब्रुवारी

पापाडोपुलोस–कूपरचं उत्तर थेट वेळेत लिहिलं तर आत चार बेसेल फलांचं एक हेलकावणारं संकलन येतं. लाप्लासच्या जगात, म्हणजे वेळेच्या जागी दुसरा चल आणणारं लाप्लास रूपांतर केल्यावर, मात्र ते फार सुटसुटीत आहे. पी हा लाप्लासचा चल, एक्स = त्रिज्या × (पी × एस ÷ टी) चं वर्गमूळ, एस म्हणजे साठवण गुणांक. मग

रूपांतरित घट = उपसा ÷ { पी × [ विहिरीचं क्षेत्रफळ × पी + २ × पाय × टी × एक्स × के-वन(एक्स) ÷ के-झीरो(एक्स) ] }

कंसातलं पहिलं पद विहिरीचं, दुसरं खडकाचं. अख्खं गणित दोन पदांत समोर मांडलेलं, आणि दोघांतलं कोण केव्हा वरचढ हे नुसतं बघून सांगता येतं. पी मोठा म्हणजे सुरुवातीची मिनिटं, तिथे विहीर जिंकते. पी लहान म्हणजे पुढचे दिवस, तिथे खडक. मला हे सूत्र फार सुंदर वाटतं.

सायपायचं के-झीरो सेफेस या लायब्ररीतून आलेलं आहे, स्टीफन मोशियर यांची. २ पर्यंत एक चेबिशेव्ह बहुपदी, २ च्या पुढे दुसरी. पुन्हा तोच सांधा.

आता खरी काळजी. के-झीरो आणि के-वन दोन्ही एक्स वाढला की ई च्या उणे एक्सव्या घातासारखी कोसळतात. एक्स साडेसातशेच्या पुढे गेला की दुहेरी अचूकतेत दोघांचंही उत्तर शून्य, आणि शून्य भागिले शून्य म्हणजे ‘नॅन’, संख्याच नाही अशी खूण. आपल्या विहिरीत एक्स एवढा होईल का? टी २० असताना नाही. पण मोजमापांशी सर्वांत जुळणारा टी शोधणारा लीस्ट स्क्वेअर्सचा प्रोग्राम वाटेत कुठेही भटकतो. टी ०.००१ वर त्याने पाऊल ठेवलं तर पहिल्या मिनिटाच्या मोजमापाला एक्स १३०० च्या पुढे जातो, आणि एका नॅनने सगळा शोध थांबतो.

यावर उपाय लायब्ररीतच आहे. ‘के-झीरो-ई’ आणि ‘के-वन-ई’ ही त्याच फलांची मापबद्ध रूपं, ई च्या एक्सव्या घाताने आधीच गुणलेली. आपल्याला दोघांचं गुणोत्तर हवं, त्यामुळे तो गुणक वर-खाली आपोआप कटतो. एक्स हजार असो की लाख, गुणोत्तर शांतपणे १ कडे जातं. कोडमध्ये दोन नावांना एक-एक अक्षर जोडलं, एवढाच फरक. त्या अक्षरासाठी लायब्ररीचं पान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

९ फेब्रुवारी

लाप्लासच्या जगातून परत वेळेत यायचं. हारल्ड श्टेफेस्ट यांची १९७० ची पद्धत घेतली, भूजलात ती सर्रास वापरतात. कृती सोपी: वेळ टी-चिन्हाशी गोंधळ नको म्हणून ‘क्षण’ म्हणतो. पी च्या एन किमती घ्यायच्या, १ × लॉग २ ÷ क्षण, २ × लॉग २ ÷ क्षण, अशा. प्रत्येकीवर सूत्राचं उत्तर काढायचं, ठरलेल्या सहगुणकाने गुणायचं, बेरीज करायची.

मित्राने आज असा प्रश्न विचारला की त्यावर पूर्ण दुपार गेली, आणि सार्थकी लागली. तो म्हणाला, “माझी टेप सेंटिमीटर दाखवते. पाण्यावर तरंग असला तर तोही नाही. तुला के-झीरोचा सोळावा अंक कशाला हवाय?”

उत्तर श्टेफेस्टच्या सहगुणकांत आहे. एन ६ घेतला तर ते असे: १, −४९, ३६६, −८५८, ८१०, −२७०. बेरीज शून्य. एन १२ घेतला तर मधले सहगुणक कोटीकडे झुकतात, सर्वांत मोठा उणे ८० लाखांच्या पुढे, आणि बेरीज पुन्हा शून्य. म्हणजे के-झीरोमध्ये जी काही बारीक चूक असेल ती ८० लाखांनी गुणली जाऊ शकते. आत सोळा अंक असतील तर बाहेर नऊ उरतात. आत सात असतील तर बाहेर काही उरत नाही. बाहेर सेंटिमीटर हवा असला तरी आत किती अंक लागतात हे मधली पद्धत ठरवते.

एन वाढवत नेला की उत्तर आधी सुधारतं आणि मग बिघडतं. १० ते १४ मध्ये आमचा वक्र एमपीमॅथच्या ५० अंकी उत्तराला चिकटून आहे. २० च्या पुढे तो दातेरी व्हायला लागतो, २४ ला सहगुणकच एवढे मोठे की सोळा अंक त्यांतच संपतात. एमपीमॅथमध्ये अंक वाढवता येतात म्हणून तिथे एनही वाढवता येतो, पण वेळ खूप जातो, आणि लीस्ट स्क्वेअर्सला तेच गणित हजारदा लागतं. तेव्हा सायपाय कामाला, एमपीमॅथ साक्षीला. एन १२ नक्की केला.

एक साधी पडताळणीही सापडली. १ ÷ पी-वर्ग याचं उलट रूपांतर म्हणजे नुसता क्षण, सरळ रेषा. आपल्या विहिरीची पहिली मिनिटं हीच सरळ रेषा आहेत. एन ६ ने ती रेषा ०.९९७९ उताराची येते, कागदावर हाताने काढून पाहिलं. एन १२ ला फरक दिसतच नाही.

१५ फेब्रुवारी

सेन्सरच्या फाइलमध्ये वेळ एकेरी अचूकतेत येते, फ्लोट-३२. नमपायचा (पायथनच्या आकड्यांच्या रकान्यांची लायब्ररी) असा रकाना सायपायच्या के-झीरोला दिला की उत्तरही एकेरी अचूकतेतच परत येतं, सात अंकी. परवाच्या हिशेबाप्रमाणे सात अंक म्हणजे शून्य अंक. मुद्दाम चालवून बघितलं: वक्राच्या जागी करवतीचे दाते. फाइल वाचल्या वाचल्या फ्लोट-६४ करायचं, ही पहिली ओळ.

१६ फेब्रुवारी

धाकटा चुलतभाऊ फोनवर चालेल असं पान बनवतो आहे, म्हणजे आबांना लॅपटॉप लागणार नाही. जावास्क्रिप्टच्या गणित-संचात बेसेल नाही, गॅमाही नाही. त्याने अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या १९६४ च्या फल-हँडबुकातली के-झीरोची छोटी बहुपदी शोधून आणली. सहा-सात सहगुणक, वाचायला सोपी. २ च्या वर तिची कमाल त्रुटी १.९ गुणिले १० चा उणे ७ वा घात, हे तिथेच छापलेलं आहे. त्या काळी हातगणनेसाठी आणि लहान यंत्रांसाठी ती उत्तम होती.

८० लाखांना १.९ गुणिले १० च्या उणे ७ व्या घाताने गुणा: दीड. म्हणजे एन १२ ला उत्तरापेक्षा चूक मोठी होऊ शकते. एन ६ ला तीच चूक फक्त ०.०१६ टक्के. तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा होत्या: छोटी बहुपदी आणि एन ६, किंवा सेफेसची लांब चेबिशेव्ह यादी आणि एन १२. पहिली वाट चुकीची नाही, दोन मीटरच्या घटीत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडेल. तरी मी दुसरी सुचवली. फोन आणि संगणक एकाच चाचण्यांतून गेले पाहिजेत, नाहीतर उद्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे आबांना विचारावं लागेल. पंचवीसेक सहगुणकांची यादी एकदाच उतरवायची आहे. त्याला पटलं, रात्रीत केलं.

२३ फेब्रुवारी

निकाल. टी १८ च्या आसपास, उपसा आणि भरती दोन्हींच्या मोजमापांतून जवळजवळ सारखाच. साठवण गुणांकाबद्दल मात्र काही ठाम म्हणता येत नाही. तो दहापट वर-खाली केला तरी वक्राचा आकार थोडाच बदलतो, टेपच्या सेंटिमीटरात तो फरक मावून जातो. पापाडोपुलोस–कूपर पद्धतीची ही जाणलेली मर्यादा आहे. मित्राने अहवालात टीला आकडा आणि साठवण गुणांकाला पल्ला लिहिला, तेच योग्य. शिवाय सूत्र खडक सगळीकडे सारखा मानतं आणि इथे पूर्वेच्या झऱ्यांतून पाणी जास्त येतं. म्हणून टी १८ हा या विहिरीचा सरासरी स्वभाव, शिवारातल्या प्रत्येक विहिरीचा नव्हे.

भरतीचा हिशेब बेरजेच्या तत्त्वाने: मोटर बंद केली म्हणजे त्या क्षणी तेवढंच पाणी उलट आत सोडणारी दुसरी काल्पनिक मोटर सुरू झाली. दोन उत्तरांची वजाबाकी. सकाळी सातला मॉडेल ८३ सेंटिमीटर म्हणतं, टेपने ८६ दाखवले होते. १ मीटर ९७ मधले १ मीटर ११ भरून आले, निम्म्याच्या जरा वर. आबांचं वाक्य तसंच्या तसं.

मग पुढचं चालवलं. रोज चार तास उपसा केला तर रात्रीची अपुरी भरती साठत जाते आणि आठवड्याभरात घट चार मीटरला, म्हणजे तळाला जाऊन भिडते. दिवसाआड चार तास केला तर विहीर टिकते. रोज दोन तास केला तरी सरासरी उपसा तोच, पण पाण्याचा चढउतार निम्मा होतो आणि मोटर उघडी पडायची भीती कमी राहते. आबांना फोनवर दाखवलं. दिवसाआडचं त्यांना नवीन नव्हतं. रोज दोन तासांवर मात्र ते थांबले. “लाइट कुठली देतायत मनासारखी,” म्हणाले, “पण ठिबकला ही बरी. करून बघू की.”

८ मार्च

मित्राने पावसाचे आकडे आणले, दुष्काळ निर्देशांकासाठी. मॅकी आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या पद्धतीत पावसाला गॅमा वितरण बसवतात, म्हणजे अपूर्ण गॅमा फल. थोडक्यात नोंद: सायपायचं ‘गॅमा-इंक’ आधीच शून्य ते एकमध्ये मापबद्ध केलेलं आहे, आधी आकार आणि मग एक्स. मॅटलॅबमध्ये क्रम उलटा. एमपीमॅथचं त्याच नावाचं फल मापबद्ध नसतं आणि दोनच आकडे दिले तर वरची बाजू देतं. नुसतं गॅमा १७२ ला दुहेरी अचूकतेतून ओसंडतं, म्हणून जिथे गुणोत्तर हवं तिथे ‘गॅमा-एलएन’ घेऊन वजाबाकी. काही महिन्यांत पाऊस शून्य असतो, माणमध्ये तर नेहमीच. त्यांचा वाटा गॅमात कोंबायचा नाही, वेगळा धरायचा.

२२ मार्च

चाचण्यांची फाइल पूर्ण केली. लायब्ररीची आवृत्ती बदलली, फोनवरच्या कोडला कुणी हात लावला, तरी ही फाइल आधी चालवायची.

ई-वनसाठी (ई-टू हे त्याच कुटुंबातलं पुढचं फल): ई-टू(एक्स) अधिक एक्स गुणिले ई-वन(एक्स) = ई चा उणे एक्सवा घात. डावीकडची दोन्ही पदं धन असल्यामुळे ही तपासणी मोठ्या एक्सलाही विश्वासाची आहे. ०.००१ पासून ५०० पर्यंत चालवली.

बेसेलसाठी (आय-झीरो, आय-वन ही के-फलांची वाढत जाणारी भावंडं): आय-झीरो × के-वन अधिक आय-वन × के-झीरो = १ ÷ एक्स. एकाच ओळीत चारही फलं तपासली जातात. मापबद्ध रूपांत आय-फलांचा गुणक आणि के-फलांचा गुणक एकमेकांना कटतात, त्यामुळे हीच ओळ एक्स १००० लाही चालते. २ च्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी खेटून, मुद्दाम जास्त बिंदू घेतले आहेत. चुलतभावाने सेफेसच्या यादीतून उतरवलेले सगळे सहगुणक यातून पार झाले.

विहिरीसाठी: पहिल्या मिनिटाचा उतार हा उपसा भागिले क्षेत्रफळ याच्या जवळ आणि त्याहून कमीच आला पाहिजे, अशा खडकाचा कुठलाही टी दिला तरी. आबांच्या विहिरीला तासाला ५७ सेंटिमीटर. ही चाचणी मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण ई-वन आपली चाचणी पार करतं आणि तरी या विहिरीत ६.९ मीटर दाखवतं.

भावकीतल्या बोअरचं मोजमाप एप्रिलमध्ये. त्यांनी होकार दिला आहे, पण मोटर काढून टेप सोडायला जागा करावी लागेल.